रिकाम्या स्लिपवेची किंमत

केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटी रुपयांचं पॅकेज मंजूर केलं. त्याच महिन्यात सहा नव्या पाणबुड्यांसाठी संरक्षण मंत्रालयाच्या माझगाव डॉक आणि जर्मनीच्या टीकेएमएसबरोबर वाटाघाटीही सुरू झाल्या. पहिल्या बातमीची चर्चा भरपूर झाली. मला दुसरी अधिक महत्त्वाची वाटते, कारण टीकेएमएसची पाणबुडी गोदी म्हणजे कील शहरातली जुनी एचडीडब्ल्यू. पाणबुडी बांधायला माझगाव एकदा तिच्याकडूनच शिकलं होतं आणि शिकलेलं बरंचसं गमावूनही बसलं होतं.

नवी मुंबईला माझगावची गोदी परकी नाही. हार्बर लाइनने सकाळी डॉकयार्ड रोडला उतरणाऱ्यांत पनवेल-नेरुळकडची मंडळी असतात, आणि खाडीपलीकडे न्हाव्याला डॉकचं स्वतःचं यार्ड आहे. बॉम्बे हायच्या दिवसांत तेलविहिरींच्या प्लॅटफॉर्मची कामं या गोदीने केली. आता न्हाव्याच्या सुमारे ४० एकरांत शिपलिफ्टसह नवं जहाजबांधणी यार्ड उभारण्याची योजना आहे.

१७७४ मधली एक छोटी सुकी गोदी, मग पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या जहाज कंपन्यांची मालकी, १९३४ मध्ये कंपनी म्हणून नोंदणी, १९६० मध्ये सरकारकडे. १९७२ मध्ये इथे बांधलेली ‘निलगिरी’ ही फ्रिगेट नौदलात दाखल झाली. एवढा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. मला थांबायचंय ते १९९४ पाशी.

एचडीडब्ल्यूबरोबर १९८१ मध्ये चार पाणबुड्यांचा करार झाला. दोन कीलला बांधायच्या, दोन माझगावला. माझगावची ‘शाल्की’ फेब्रुवारी १९९२ मध्ये आणि ‘शंकुल’ मे १९९४ मध्ये नौदलात गेली. दरम्यान १९८७ मध्ये या व्यवहारात दलाली दिल्याचे आरोप झाले आणि पुढच्या दोन पाणबुड्यांचा विचार बारगळला. पाणबुडीची पुढची ऑर्डर आली ऑक्टोबर २००५ मध्ये, फ्रेंच स्कॉर्पीनची. मधली अकरा वर्षं पाणबुडीच्या शॉपमध्ये नवं काम नव्हतं.

ही अकरा वर्षं म्हणजे काय, हे समजायला वेल्डरकडे पाहावं लागतं. पाणबुडीचा प्रेशर हल खास पोलादाच्या गोल कड्या एकमेकींना जोडून बनतो. शेकडो मीटर खोलीवरचा पाण्याचा दाब त्याला सोसायचा असतो. जोड देण्याआधी पोलाद ठरावीक तापमानापर्यंत तापवायचं, ते तापमान टिकवायचं, एकावर एक थर चढवायचे, प्रत्येक थर घासून साफ करायचा. मग त्या जोडाचा एक्स-रे काढतात. फिल्मवर बारीकसा बुडबुडा किंवा आत अडकलेला स्लॅगचा कण दिसला, की तेवढा भाग खरवडून काढून पुन्हा भरायचा. वेल्डरला पात्रता परीक्षा द्यावी लागते, आणि त्या प्रकारचं काम हातून होत राहिलं नाही तर ती पुन्हा द्यावी लागते. काही वर्षं हातात असं काम नसलेला वेल्डर दुसऱ्या कामाला लागतो, आखातात जातो किंवा निवृत्त होतो. कागदावर तंत्रज्ञान हस्तांतर कायम असतं, पण हे करणारे हात शॉपमध्ये उरत नाहीत.

स्कॉर्पीनच्या वेळी सगळं पुन्हा शिकावं लागलं. २०१२ मध्ये अपेक्षित असलेली ‘कलवरी’ १४ डिसेंबर २०१७ ला नौदलात आली. प्रकल्पाचा खर्च १८,७९८ कोटींवरून २३,५६२ कोटींवर गेला. त्याला इतर कारणंही होती, सुट्या भागांची खरेदी रखडणं हे त्यातलं मोठं. तरीही अकरा वर्षांच्या खंडाचा वाटा त्यात मोठा आहे, असं माझं ठाम मत आहे.

माझगाव सरकारी असल्यामुळे त्या खंडातून तरलं. खासगी गोदीला अशी सवड मिळत नाही. आपल्याच कोकणातल्या भारती शिपयार्डचं उदाहरण पाहा. आयआयटी खरगपूरच्या दोन अभियंत्यांनी १९७३ मध्ये रत्नागिरीत सुरू केलेली ही गोदी घोडबंदर, गोवा, दाभोळ, मंगळूरपर्यंत पसरली. ‘मॉरेटेनिया’ जहाज बांधणाऱ्या टाइन नदीकाठच्या स्वान हंटर यार्डाची यंत्रसामग्री आणि तरंगती गोदी तिने २००७ मध्ये विकत घेतली. इंग्लंडमधली बुडालेली गोदी रत्नागिरीकरांनी घ्यावी, याचा तेव्हा मलाही अभिमान वाटला होता.

जहाजाच्या धंद्यात पैसा टप्प्याटप्प्याने येतो: पोलाद कापताना काही, कील बसवताना काही, जलावतरणाला काही, उरलेला जहाज ताब्यात देताना. पोलाद आणि इंजिनं मात्र आधीच घ्यावी लागतात, म्हणून गोदी कर्ज काढते. ग्राहकाच्या हप्त्यांसाठी बँक रिफंड गॅरंटी देते, म्हणजे जहाजाला फार उशीर झाला तर ग्राहक करार मोडून हप्ते व्याजासह परत घेतो. २००८ च्या मंदीत मालवाहतुकीचे दर कोसळले, ऑर्डरी मोडल्या, आणि अर्धवट सांगाडे स्लिपवेवर अडकले. वर भारतीने २००९ मध्ये एबीजी शिपयार्डशी चढाओढ करत ग्रेट ऑफशोअर ही कंपनी घेण्यासाठी मोठा पैसा ओतला. ही चूक व्यवस्थापनाचीच, ती झाकण्याचं कारण नाही.

पण सरकारची चूकही तितकीच सांगितली पाहिजे. जहाजबांधणीला मिळणारं ३० टक्के अनुदान ऑगस्ट २००७ मध्ये संपलं. नवं धोरण लागू झालं एप्रिल २०१६ पासून. मंदीची सगळी वर्षं नेमकी या दोन तारखांच्या मध्ये आली. चीन, कोरिया आणि जपान मिळून जगातली नव्वद टक्क्यांहून अधिक जहाजं बांधतात, आपला वाटा एक टक्काही नाही. त्यांच्या सरकारांनी पडत्या काळात गोद्यांना हात दिला, आपल्या सरकारने नाही. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने भारती अवसायनात काढली. तीनच महिन्यांत एबीजीचीही तीच गत झाली.

आज माझगावचे दिवस चांगले आहेत. २०२० मध्ये १४५ रुपयांनी विकलेल्या शेअरने गुंतवणूकदारांचं भलं केलं, २०२४ मध्ये कंपनीला नवरत्न दर्जा मिळाला, आणि जून २०२५ मध्ये तिने अडचणीत आलेल्या कोलंबो डॉकयार्डमधला किमान ५१ टक्के हिस्सा घेण्याचा निर्णय जाहीर केला. या यशात मला एक तारीख खुपते. स्कॉर्पीन मालिकेतली शेवटची पाणबुडी ‘वागशीर’ १५ जानेवारी २०२५ ला नौदलात दाखल झाली. त्या दिवसापासून पाणबुडी बांधणाऱ्या हातांचं घड्याळ पुन्हा सुरू झालं आहे.

म्हणून ६९,७२५ कोटींच्या पॅकेजकडे पाहताना मी एकच गोष्ट शोधतो: पुढच्या दहा-पंधरा वर्षांत कोणत्या वर्षी कोणती जहाजं मागवणार, याचं जाहीर वेळापत्रक. अनुदानाची मुदत २०३६ पर्यंत आहे, ही चांगली सुरुवात. पण अनुदान मिळायला आधी ऑर्डर लागते. नौदल, तटरक्षक दल, ओएनजीसी, शिपिंग कॉर्पोरेशन, टग लागणारी सरकारी बंदरं हे सगळे ग्राहक सरकारचेच आहेत. त्यांच्या मागण्या एका कॅलेंडरवर आणणं सरकारच्या हातात आहे. न्हाव्याचं यार्ड उभं राहील तेव्हा उरण-पनवेलच्या आयटीआयमधल्या मुलांना तिथे वेल्डर म्हणून घ्या, आणि पहिलं जहाज पाण्यात जायच्या आत दुसऱ्याचं पोलाद कापायला घ्या. पाणबुड्यांच्या करारावर सही करायलाही आता वेळ दवडू नका.