खेळातील खेळ आणि परीक्षकाची अडचण

भवभूतीच्या ‘उत्तररामचरित’ नाटकाच्या सातव्या अंकात राम स्वतः प्रेक्षक होऊन बसतो आणि त्याच्यासमोर सीतेच्या वनवासाचे नाटक सुरू होते. पाहता पाहता राम इतका व्याकूळ होतो की, हे नाटक आहे याची आठवण लक्ष्मणाला करून द्यावी लागते. नाटकातील या नाटकाला संस्कृत परंपरेत गर्भांक म्हणतात. अशा प्रसंगी खऱ्या प्रेक्षकापुढे एक चमत्कारिक प्रश्न उभा राहू शकतो. आतल्या नाटकातील एखादा नट अडखळला, तर ती चूक कोणाची मानावयाची? त्या नटाची, की अडखळणाऱ्या नटाची भूमिका चोख वठविणाऱ्या बाहेरच्या नटाची?

व्हिडिओ गेमच्या एका विशिष्ट प्रकाराचे परीक्षण करणाऱ्यांना नेमका हाच प्रश्न सतावतो. हा प्रकार समजण्यासाठी थोडी पूर्वपीठिका आवश्यक आहे. भूमिकाप्रधान खेळ मुळात कागद, पेन्सिल आणि फासे यांवर खेळला जाई. १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा त्यांतील आद्य मानला जातो. खेळाडूने योद्धा, मांत्रिक किंवा चोर अशी एखादी भूमिका घ्यावयाची, साहसे करावयाची आणि अनुभवाबरोबर त्या पात्राची शक्ती वाढवीत न्यावयाची, अशी त्याची रीत. पुढे हा खेळ संगणकावर आला. १९९७ मधील ‘अल्टिमा ऑनलाइन’ आणि १९९९ मधील ‘एव्हरक्वेस्ट’ यांनी एकाच कल्पित प्रदेशात हजारो अनोळखी माणसांना एकत्र आणून सोडले. समोरून येणारा मांत्रिक हे संगणकाने हलविलेले बाहुले नसून दूरच्या एखाद्या शहरात रात्र जागविणारा कोणी तरी माणूस आहे, ही जाणीव हेच या ऑनलाइन खेळांचे खरे आकर्षण होते.

येथे ज्या खेळांचा विचार करावयाचा आहे, ते या ऑनलाइन खेळांचे सोंग घेतात. त्यांतील कथा एका कल्पित ऑनलाइन खेळाच्या आत घडते. भोवती हजारो खेळाडू असल्याचा आभास असतो. प्रत्यक्षात मात्र घरातील यंत्रासमोर एकच मनुष्य बसलेला असतो आणि त्याच्या यंत्राला बाहेरच्या जगाची तारसुद्धा जोडलेली नसते.

या प्रकाराचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे जपानमधील ‘डॉट हॅक’ ही मालिका. फुकुओका येथील सायबरकनेक्ट टू या संस्थेने ती तयार केली आणि बंदाई या कंपनीने प्लेस्टेशन टू या यंत्रासाठी प्रसिद्ध केली. ‘इन्फेक्शन’ हा पहिला भाग जून २००२ मध्ये जपानमध्ये आला. त्याच वर्षी ‘म्यूटेशन’ व ‘आउटब्रेक’ आणि एप्रिल २००३ मध्ये ‘क्वारंटीन’ हा चौथा व अखेरचा भाग निघाला. कथा लिहिणारे काझुनोरी इतो हे ‘घोस्ट इन द शेल’ या १९९५ च्या चित्रपटाचे पटकथाकार. पात्रांची रेखाटने योशियुकी सादामोतो यांची. ‘फायनल फँटसी’ या प्रसिद्ध मालिकेचा पहिला ऑनलाइन भाग याच यंत्रावर याच्या जेमतेम महिनाभर आधी जपानमध्ये आला होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. प्लेस्टेशनच्या बहुसंख्य मालकांनी तोवर ऑनलाइन खेळ अनुभवलेला नव्हता. त्यांना त्या अनुभवाची पहिली चव ‘डॉट हॅक’ने दिली, आणि तीही नकलेच्या रूपाने.

नक्कल मात्र मोठ्या निगुतीने केलेली होती. तबकडी यंत्रात घातली की प्रथम दिसतो तो खेळ नव्हेच. दिसतो एका कल्पित संगणकाचा पडदा. त्यावर पत्रे, बातम्या आणि ‘द वर्ल्ड’ या कल्पित ऑनलाइन खेळात शिरण्याचे दार. कथेतील काळ २०१० चा. (तो काळही आता केव्हाच मागे पडला!) पाच वर्षांपूर्वी एका विषाणूने जगातील संगणकांचे जाळे कोलमडून पडले होते आणि ते पुन्हा उभे राहिल्यानंतर हा खेळ लोकप्रिय झाला, अशी पार्श्वभूमी. नायक काइट हा शाळकरी मुलगा मित्राच्या आग्रहावरून या खेळात येतो आणि पहिल्याच दिवशी, खेळात झालेल्या एका हल्ल्यानंतर, तो मित्र प्रत्यक्ष जीवनात बेशुद्ध होऊन रुग्णालयात पडतो. खेळ चालविणारी कंपनी काही बोलत नाही. मित्राला शुद्धीवर आणण्याचा मार्ग त्या खेळातच शोधणे एवढेच मुलाच्या हाती उरते.

या मार्गावर त्याला जे सोबती भेटतात, ते या मालिकेचे सर्वांत मोठे वैभव होय. प्रत्येक सोबती दुहेरी आहे. पडद्यावरचे पात्र वेगळे आणि त्यामागे बसलेले माणूस वेगळे. सदैव किलबिलणारी मिस्ट्रल नावाची मांत्रिक प्रत्यक्षात एक गृहिणी आहे आणि आपण आई होणार असल्याचे ती कथेच्या ओघात सांगते. पिरोस नावाचा कुऱ्हाडवाला जुन्या वीरकथांतील भारदस्त भाषेत बोलतो, हाका मारताना नायकाच्या डोळ्यांची स्तुती करतो आणि ऐकणाऱ्याला पुरते हैराण करतो. ऑनलाइन जगात वावरलेल्या कोणालाही असा एखादा पिरोस भेटलेला असतोच. खेळातून बाहेर पडल्यावर ही मंडळी पत्रे पाठवितात. त्यांना उत्तर द्यावे लागते आणि उत्तरांतून स्नेह वाढतो. ज्यांच्या मागे कोणीही बसलेले नाही अशा या बाहुल्यांना बोटे, घर, झोप आणि कामाच्या वेळा आहेत असे वाटावयास लावणे, हे लेखकाचे कौशल्य सामान्य नव्हे.

आता परीक्षकाची अडचण. ‘द वर्ल्ड’मध्ये कोठेही जावयाचे झाल्यास प्रवेशद्वारापाशी तीन शब्द जुळवावे लागतात आणि त्या शब्दांनुसार एक प्रदेश निर्माण होतो. ‘गुप्त’, ‘निषिद्ध’, ‘पवित्र भूमी’ अशा अर्थाचे तीन शब्द जुळविले की एका उजाड, भव्य प्रार्थनामंदिराशी पोहोचता येते. कल्पना सुंदर आहे. परंतु शेकडो शब्दसंयोगांतून निर्माण होणारे बहुतेक प्रदेश मात्र एकमेकांसारखेच. तीच माळराने, त्याच भुयारांच्या भिंती, त्याच पेट्या, तेच राक्षस. पंधरा-वीस तासांनंतर कंटाळा येतो. मालिकेचा कैवारी तत्काळ उत्तर देतो की, खरे ऑनलाइन खेळ असेच पुनरावृत्तीने भरलेले असत; तेव्हा हा कंटाळा मुद्दाम योजिलेला आहे, तो दोष नव्हे, ते यथार्थ चित्रण आहे.

हे उत्तर दिसावयास बिनतोड आहे आणि म्हणूनच त्याविषयी सावध राहिले पाहिजे. ते एकदा मान्य केले की अशा खेळात कोणताही दोष उरणेच शक्य नाही. कॅमेरा भिंतीत अडकला? आतला खेळ सदोष आहे. सोबती मूर्खासारखे राक्षसाच्या तोंडी गेले? नवखे खेळाडू असेच वागतात. चौकटीचा खेळ आतल्या खेळामागे लपून बसतो आणि परीक्षकाच्या हाती टीकेसाठी काहीच राहत नाही. यातून सुटण्याचा मार्ग एकच दिसतो. त्या उणिवेला कथेत काही काम आहे का, हे पाहावयाचे. ऑनलाइन खेळाडू पुनरावृत्ती सोसतो, कारण शेजारी बोलावयास माणसे असतात. भुयार हे गप्पांचे निमित्त असते. ‘डॉट हॅक’मध्ये भुयारात उतरलेले सोबती बहुतांशी ठरावीक वाक्येच बोलतात. म्हणजे कंटाळ्याची नक्कल झाली, त्याच्या मोबदल्याची झाली नाही. तो सरळसरळ दोष होय.

याच्या उलट उदाहरणही याच मालिकेत आहे. काइटच्या मनगटावर एक गूढ कडे येते. त्याच्या साह्याने शत्रूतील माहिती शोषून त्याला दुबळे करता येते. परंतु ते वारंवार वापरल्यास नायकाच्या पात्रात विकृती साचत जाते आणि अतिरेक झाल्यास खेळच संपतो. कथेत ही शक्ती विषासमान आहे असे सांगितले जाते आणि खेळणाऱ्याचा अंगठाही त्या कळेवर तसाच बिचकतो. येथे आतला नियम आणि बाहेरचा नियम एकरूप झाले आहेत. पुष्कळ परीक्षक या गोष्टीची नोंद एका ओळीत करून पुढे जातात, हे खेदजनक आहे. कारण मालिकेचे समर्थन करावयाचे तर ते याच ठिकाणी करता येते.

चार भागांविषयी अधिक काही लिहिण्याचे कारण नाही. एकाच कथेचे चार तुकडे चार स्वतंत्र तबकड्या म्हणून विकले गेले. एका भागातील प्रगती पुढच्या भागात नेता येई आणि प्रत्येकाबरोबर त्याच घटनांची बाहेरच्या जगातील बाजू दाखविणारा एक अ‍ॅनिमेशनपट मिळे. तरीही पहिला भाग विकत घेणाऱ्याला कथेचा पाव हिस्साच मिळाला. खिशातून पैसे देणाऱ्या वाचकाला हे सांगणे परीक्षकाचे कर्तव्यच होते, आणि त्याला आतल्या खेळाची कोणतीही सबब चालण्यासारखी नव्हती.

यापेक्षा महत्त्वाची आहे ती एल्क आणि मिया यांची उपकथा. मिया ही मांजरीच्या रूपातील एक खेळाडू. एल्क हा बुजरा, एकाकी मांत्रिक तिच्याभोवती घोटाळत राहतो. तिला आवडणारे सुगंधी गवत शोधून आणणे हाच त्याचा आनंद. अखेरच्या भागात उघड होते की मियामागे कोणीही माणूस नाही. ती त्या खेळातील यंत्रणेचाच एक अंश आहे आणि तिच्याशीच लढणे भाग पडते. (वीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यामुळे हे रहस्य येथे सांगण्यास हरकत नसावी.) एल्कचा शोक पाहताना खेळणाऱ्याच्या ध्यानात येते की आपली स्थिती याहून वेगळी नाही. मिस्ट्रल, पिरोस आणि स्वतः एल्क यांच्यापैकी कोणामागेही माणूस नाही, आणि तरीही त्यांच्या पत्रांना आपण मनापासून उत्तरे लिहिली. सोंग घेणाऱ्या या खेळाने येथे आपले सोंग खेळाडूपुढे उघडे केले आहे. पुनरावृत्तीविषयी कितीही कठोर लिहिले तरी ज्या परीक्षणात या प्रसंगाचा विचार नाही, ते अपुरेच म्हटले पाहिजे.

हा प्रकार पुढे जपानपुरता राहिला नाही. जर्मनीतील झारब्र्यूकन येथील रॅडिकल फिश गेम्स या छोट्या गटाचा ‘क्रॉसकोड’ २०१८ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. त्यातील कल्पित ऑनलाइन खेळ एका दूरच्या चंद्रावर, कृत्रिम द्रव्याच्या शरीरांनी खेळला जातो. नायिका ली हिची स्मृती नष्ट झाली आहे आणि वाचाही बिघडली आहे. तिला अगदी मोजके शब्द उच्चारता येतात. भूमिकाप्रधान खेळांत मुका नायक ही जुनी, काहीशी आळशी रूढी आहे. ‘क्रॉसकोड’ने तिला कथेतील खरे व्यंग बनविले. ली बोलू शकत नाही, म्हणून सोबती थांबतात, तर्क करतात, चुकतात, आणि तिच्या चेहऱ्यावरील बदलत्या भावांना संभाषणाचे मोल येते. अपोलो नावाचा एक खेळाडू तर, ही मुलगी लबाडी करते, असा आरोप करून तिला द्वंद्वाचे आव्हान देतो. नायकाला जगात मिळणारी खास वागणूक इतर खेळाडूंना कशी दिसत असेल, हा विचार करणारे खेळ फार थोडे आहेत. मंदिरांतील कोडी लांबतात आणि बोटांना थकवितात, ही तक्रार रास्त आहे; पण ती बाहेरच्या खेळाविरुद्धची आहे आणि तेथेच नोंदवावी.

रेकी कावाहारा यांच्या ‘सोर्ड आर्ट ऑनलाइन’ या कादंबरीमालेवर २०१३ पासून निघालेले खेळही याच वर्गातले. मात्र त्यांचा ओढा मूळ पात्रांच्या चाहत्यांकडे अधिक आहे आणि आतला ऑनलाइन खेळ त्यांत पुष्कळदा नेपथ्यापुरता उरतो.

खऱ्या ऑनलाइन खेळाचे परीक्षण लवकर शिळे होते. माणसे येतात, जातात, नियम बदलतात. कल्पित ऑनलाइन जगाला ही भीती नाही. ‘डॉट हॅक’च्या निर्मात्यांनी २००५ मध्ये केवळ जपानमध्ये ‘फ्रॅग्मेंट’ या नावाने त्या कल्पित खेळाचे खरोखरीचे ऑनलाइन रूप आणले. ज्याची नक्कल केली होती, तेच आता प्रत्यक्षात उतरले होते. २००७ मध्ये त्याची यंत्रणा बंद झाली आणि तेथे जमणारी माणसे पांगली. त्या वेळी त्या गर्दीविषयी कोणी काही लिहिले असेल, तर ते पडताळून पाहण्यासाठी ती गर्दी आता जागेवर नाही. २००२ ची ‘इन्फेक्शन’ची तबकडी मात्र जुन्या यंत्रात घातली की तोच पडदा उजळतो, आणि मिस्ट्रलचे पत्र येऊन पडलेले असते.