स्वस्त स्क्रोल सॉ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्क्रोल सॉ हे लाकडात नक्षी कापण्याचे यंत्र आहे. टेबलाच्या मधोमध उभे ताणलेले बारीक पाते मोटरवर वर-खाली होते आणि लाकूड हाताने त्याच्याभोवती फिरवले जाते. पात्याचे एक टोक सोडवून ते लाकडाला पाडलेल्या भोकातून ओवता येते, म्हणून कडेला काप न देता आतल्या आत जाळी कोरता येते. देव्हाऱ्याची जाळी, दारावरची नावाची पाटी, लाकडी आकाशकंदील ही याची नेहमीची कामे. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आल्यामुळे गणपतीच्या मखराची भरही त्यात पडली आहे. आपले जबलपूर १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होते. त्यामुळे इथल्या मराठी घरांना मखर नवे नाही, ते प्लायमध्ये कापायचे ही गोष्ट मात्र नवी.

जबलपूरच्या रांझी भागाला लागूनच व्हेइकल फॅक्टरी आणि ग्रे आयर्न फाउंड्री आहे. यंत्रावर हात बसलेल्या माणसांची या भागात वाण नाही. पण लेथ किंवा ड्रिल जोखण्याची सवय स्क्रोल सॉला लावली की खरेदी चुकते, कारण तिथे पहिला प्रश्न मोटर किती वॅटची हा असतो. ९० वॅटचे यंत्र कच्चे आणि १२० वॅटचे दणकट, असे त्यावरून ठरवले जाते. घरगुती स्क्रोल सॉच्या मोटरा बहुधा याच टप्प्यात असतात आणि सहा-बारा मिलिमीटरच्या प्लायला ९० वॅट पुरतात. शिवाय पाटीवरचा आकडा नीट वाचावा लागतो. वॅटपुढे ‘एस १’ असेल तर मोटर तेवढ्या भारावर सतत चालू शकते. ‘एस २, ५ मिनिटे’ असेल तर तो आकडा फक्त पाच मिनिटांच्या कामाचा, पुढे मोटर थंड होऊ द्यावी लागते. एकाच यंत्रावर हे दोन्ही आकडे छापलेले असतात आणि जाहिरातीत अर्थातच मोठा तेवढा येतो.

दुसरा मोह घशाचा. पात्यापासून मागच्या खांबापर्यंतच्या अंतराला घसा म्हणतात. स्वस्त यंत्रांत तो साधारण १६ इंच, म्हणजे ४०६ मिलिमीटर असतो. २० इंची यंत्र घेतल्याशिवाय मोठे काम होत नाही, हा समज हिशेब न केल्यामुळे टिकून आहे. ३०० बाय २०० मिलिमीटरची पाटी घेतली तर तिचा कर्ण सुमारे ३६१ मिलिमीटर भरतो. पाते अगदी कोपऱ्यात असले तरी अशी पाटी १६ इंची यंत्रात कुठेही न अडकता पूर्ण फिरते. मखराची दोन-तीन फुटी फळी अडेल हे खरे, पण ती २० इंची यंत्रातही अडते. अशी फळी दोन तुकड्यांत कापून जोडणे हाच रिवाज आहे.

ज्या एका गोष्टीवर खरेदी ठरायला हवी, तिच्याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही: यंत्र कोणते पाते धरते. पाती दोन प्रकारची असतात आणि दोन्हींची लांबी साधारण ५ इंच, म्हणजे १२७ मिलिमीटर. एका प्रकारात दोन्ही टोकांना आडवी पिन असते. ती खाचेत अडकवली की काम झाले, अवजार लागत नाही. दुसऱ्या प्रकारात टोके सपाट असतात आणि ती क्लॅम्पमध्ये स्क्रूने आवळावी लागतात. पिनचे पाते बसवायला सोपे, म्हणून नवशिक्याने तेच घ्यावे असे सांगितले जाते. बाहेरची कड कापण्यापुरते ते ठीक आहे. जाळीत अडचण येते, कारण पिनसकट टोक ओवायला साधारण पाच मिलिमीटरचे भोक पाडावे लागते. सपाट टोकाच्या पात्याला दीड मिलिमीटर पुरते. कमळाच्या दोन पाकळ्यांमधली फटच तीन मिलिमीटरची असेल, तर पिनवाल्या यंत्रावर ती पाकळी कापता येत नाही, हात कितीही बसलेला असो. बारीक नंबरची पातीही सपाट टोकाचीच मिळतात, कारण इतक्या अरुंद पट्टीला पिन बसवायला जागाच नसते.

पात्यांचे नंबर जसे वाढतात तशी पाती जाड होत जातात. २ किंवा ३ नंबर पातळ प्लायला, ५ नंबर मधल्या जाडीला, ७ आणि ९ जाड लाकडाला. ५ नंबरचे पाते जेमतेम एक मिलिमीटर रुंद असते. ‘५० मिलिमीटरपर्यंत कापते’ असे खोक्यावर लिहिलेले असले तरी ती टोकाची मर्यादा आहे. छोट्या मोटरवर वीस मिलिमीटरच्या पुढे काम रेंगाळते, लाकूड करपते आणि वळणे बिघडतात.

पाते तुटले की यंत्राला बोल लावला जातो. खरे तर पाते हा झिजणारा माल आहे. ते डझनानेच घ्यावे आणि तुटेल हे धरूनच चालावे. सागात सिलिका असते, ती दात बोथट करते. प्लायमधल्या गोंदाचे थरही तेच करतात. याशिवाय यंत्राची चाल फक्त १९ मिलिमीटरची असते, म्हणून सहा मिलिमीटरची प्लाय कापताना १२७ पैकी २५ मिलिमीटर पातेच लाकडाला लागते. तेवढे बोथट झाले की टेबलावर जाड प्लायचा तुकडा चिकटवून काम उंचावर घ्यावे, वरचे कोरे दात कामी येतात. पाते सैल राहिले तर काप तिरका जातो. ताणलेले पाते नखाने छेडल्यावर स्वच्छ सूर द्यायला हवा, भद्द आवाज आला तर अजून पिळायचे. नीट ताणूनही काप उजवीकडे सरकत असेल तर ती यंत्राची खोट नव्हे. बहुतेक पात्यांच्या एका बाजूला तयार होतानाचीच बारीक धार राहते, म्हणून लाकूड किंचित तिरपे धरून ढकलावे लागते.

यंत्र थरथरते ही तक्रार मात्र खरी असते, स्वस्त यंत्रांत तर हमखास. त्यावर वजन हाच उपाय. बीडाच्या पायाचे यंत्र पत्र्याच्या पायापेक्षा शांत चालते, आणि याचे कारण फाउंड्रीत काम केलेल्यांना सांगावे लागणार नाही: करड्या बीडात ग्राफाइटचे पापुद्रे असतात, ते कंपने जिरवतात. पत्र्याचेच यंत्र घ्यावे लागले तर ते जड बाकाला बोल्टने आवळून खाली रबर घालावे. वेग कमी-जास्त करता येणे ही चैन नव्हे. मिनिटाला सुमारे ५०० ते १६०० फेऱ्यांची सोय असेल तर पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा पातळ पत्राही मंद वेगात, धातूच्या पात्याने कापता येतो. भेडाघाटच्या संगमरवराला मात्र हे यंत्र लावू नये.

परदेशातल्या नातेवाइकाकडून यंत्र मागवणे स्वस्त पडते, हाही एक समज. अमेरिकेतले यंत्र १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झवर चालते, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मरचा खर्च वर येतो, आणि मोटर इंडक्शन जातीची असेल तर ट्रान्सफॉर्मर लावूनही ती पाच-षष्ठांश वेगानेच फिरते.

पाते बारीक, म्हणून धोका नाही असे मानणेही चुकीचे. बोट पात्यासमोर गेले तर कापतेच, आणि पाते तुटताना तुकडा उडू शकतो, म्हणून चष्मा हवा. त्याहून दुर्लक्षित धोका भुशाचा. यंत्रावरची फुंकणी रेघ दिसावी म्हणून भुसा उडवते आणि तो थेट नाकाकडे येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. एमडीएफच्या धुळीत गोंदातले फॉर्माल्डिहाइडही असते. बंद खोलीत आणि मास्कशिवाय हे काम करू नये. रुमाल हा मास्क नव्हे.

जाळीचे काम करायचे असेल तर फक्त पिनचे पाते धरणारे यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. सपाट पाते धरणारे यंत्र बजेटबाहेर जात असेल तर काही शे रुपयांत मिळणारी, धनुष्यासारख्या चौकटीची हातकरवत घेऊन सुरुवात करावी. तिला साधारण याच लांबीची सपाट पाती लागतात आणि पुढे यंत्र आले की उरलेली पाती त्यावरही चालतात.