घराला इरलं

क्लाइड नदी जिथे समुद्राला मिळते तिथे, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, हेलेन्सबरा नावाचं टुमदार गाव आहे. गावाच्या वरच्या अंगाला, चढावर एक प्रसिद्ध घर आहे. ते लांबून नीट दिसत नाही. दिसतो तो भलाथोरला पोलादी सांगाडा आणि त्याला चहूबाजूंनी लावलेली बारीक कड्यांची जाळी. आत शिरलं की करड्या भिंतींचं, उंच धुराड्यांचं घर समोर येतं. जाळीतून वारा येतो, उजेड येतो, पाखरंही ये-जा करतात. पाऊस मात्र बहुतेक बाहेरच राहतो. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला गुहागरकडे भर पावसात लावणी करणाऱ्या बायकांच्या पाठीवरचं इरलं आठवलं. या घरालाही कुणीतरी इरलं घातलं होतं.

हे ‘हिल हाउस’. चार्ल्स रेनी मॅकिन्टॉश या वास्तुरचनाकारानं १९०२ ते १९०४ या काळात ते ग्लासगोचे प्रकाशक वॉल्टर ब्लॅकी यांच्यासाठी बांधलं. ‘ब्लॅकी अँड सन’ हे नाव आपल्याकडच्या जुन्या वाचकांना अनोळखी नसेल. मुंबईच्या फोर्ट भागात त्यांची शाखा होती. मॅकिन्टॉशला भिंती सलग, स्वच्छ हव्या होत्या. म्हणून भिंतीच्या माथ्यावर पाणी बाहेर टाकणारे, पुढे आलेले दगड त्यानं बऱ्याच ठिकाणी गाळले आणि वरपासून खालपर्यंत गिलावा ओढला. त्या गिलाव्यात त्या काळातला नवा, टणक माल होता : पोर्टलँड सिमेंट. काही वर्षांत त्याला केसासारख्या चिरा पडल्या. चिरांतून पाणी आत गेलं, पण सिमेंटच्या कवचातून बाहेर पडायला त्याला वाट मिळाली नाही. नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेकडे हे घर १९८२ मध्ये आलं. दुरुस्त्या करूनही ओल हटेना. शेवटी २०१९ मध्ये संस्थेनं अख्ख्या घरावर ही जाळी उभारली. तीन कोटींहून अधिक पोलादी कड्या तिच्यात आहेत. उद्देश एवढाच की भिंतींना आधी वाळू द्यावं, मग उपचार करावेत.

हिल हाउसची गोष्ट मी सगळ्यांना सांगत असते, कारण भिंतीबद्दलचा आपला सगळ्यात मोठा गैरसमज ती दूर करते. भिंत वाचवायची म्हणजे ती घट्ट बंद करायची, असं आपण धरून चालतो. खरं तर भिंतीत पाणी शिरणारच. ते परत बाहेर पडेल का, यावर तिचं आयुष्य ठरतं.

पाऊस कमी, ओल जास्त

मी स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, फाइफमध्ये राहते. घराच्या मागच्या खिडकीतून समुद्र दिसतो. पलीकडच्या एडिंबरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईत २,२०० मिलिमीटरहून अधिक. म्हणजे इथला पाऊस मुंबईच्या एक तृतीयांशही नाही. तरीही इथल्या भिंती जास्त काळ ओल्या राहतात. आपल्याकडे आभाळ चार महिन्यांत रितं होतं आणि मग आठ महिने ऊन भिंतीतला थेंब न् थेंब शोषून घेतं. इथे बारा महिने रिपरिप. वसंतात आणि उन्हाळ्यात समुद्रावरून दाट, गार धुकं सरकत येतं, त्याला इथे ‘हार’ म्हणतात. डिसेंबरात दिवस जेमतेम सात तासांचा, त्यातही सूर्य क्षितिजाला चिकटून. नोव्हेंबरात भिजलेली भिंत कधी कधी एप्रिलपर्यंत वाळत नाही.

अशा ओल्या भिंतीवर थंडी येते. पाण्याचं बर्फ होताना त्याचं आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढतं. काठोकाठ भरलेली काचेची बाटली फ्रीजरमध्ये तडकते, तेच दगडाच्या छिद्रांत घडतं. भिंतीला सततच्या कडक थंडीपेक्षा शून्याच्या आसपासचं हेलकावणं अधिक जाचक ठरतं. रात्री गोठायचं, दुपारी वितळायचं, वितळलेलं पाणी आणखी आत शिरायचं, रात्री पुन्हा गोठायचं. समुद्रामुळे इथला हिवाळा तसा सौम्य असतो, म्हणूनच पारा शून्याच्या रेषेवर सारखा वर-खाली होत राहतो. दर खेपेला दगडाचा एखादा पापुद्रा सुटतो.

तिसरा शत्रू कोकणातल्या माणसाला चांगला माहीत आहे : खारा वारा. लाटांचे तुषार मीठ घेऊन भिंतीत मुरतात. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून विरघळतं. खाली आली की पुन्हा त्याचे स्फटिक होतात. हे स्फटिक दगडाच्या छिद्रात वाढतात आणि आतून रेटा देतात. भिंतीवर पांढरी बुरशीसारखी झाक दिसते, तिला आपण लोणा लागणं म्हणतो. लोणा पृष्ठभागावर दिसला तर फारसं बिघडत नाही, तो ब्रशनं झाडता येतो. पृष्ठभागाच्या आत साचला तर दगडाचं पीठ होतं.

चुन्यानं झिजावं, दगडानं टिकावं

आमचं घर वालुकाश्माचं, शंभर वर्षांहून जुनं. घेतलं तेव्हा समुद्राकडच्या भिंतीच्या दर्जा, म्हणजे दगडांमधल्या सांधी, नुकत्याच सिमेंटनं भरलेल्या होत्या. टापटीप काम पाहून आम्हाला बरंच वाटलं. दोन हिवाळे गेले आणि आतल्या खोलीत ओलीचा डाग उमटला. दुकानातून पाणीरोधक द्रावण आणून आम्ही भिंतीला बाहेरून दोन हात दिले. पुढच्या हिवाळ्यात डाग दुप्पट झाला.

फेब्रुवारीत एक वयस्क गवंडी पाहायला आले. त्यांनी हत्यार काढलंच नाही. अंगठ्याचं नख दगडावरून हलकेच ओढलं, तशी खाली वाळूची बारीक धार लागली. मग माझं बोट धरून त्यांनी ते सिमेंटच्या दर्जेवरून फिरवलं. दर्जा पुढे आल्या होत्या आणि दगड आत गेले होते. मधमाशांच्या पोळ्यात मेणाच्या कडा उभ्या आणि घरं खोल, अगदी तसं. “हे उलटं झालंय,” ते म्हणाले. “झिजायला चुना असतो. तुम्ही दगडाला झिजायला लावलंय.”

दगडी भिंतीत दर्जा म्हणजे पाण्याची बाहेर पडायची वाट. चुना दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो, म्हणून ओल त्याच्यातून बाहेर पडते आणि मीठही त्याच्याचवर उमटतं. पाचपन्नास वर्षांनी चुना झिजतो, तो खरवडून नवा भरायचा. दगड शाबूत राहतो. सिमेंट दगडापेक्षा कठीण आणि घट्ट. पाण्याला ते दार बंद झालं की ते दगडातून वाट काढतं, मीठ दगडात साचतं, गोठणंही दगडातच होतं. आम्ही फासलेल्या द्रावणानं तर उरलेली फटही बुजवली होती. जोसेफ अस्पडिननं १८२४ मध्ये पोर्टलँड सिमेंटचं पेटंट घेतलं. धरणं, पूल, उंच इमारती यांसाठी त्याच्या वारसदार सिमेंटला तोड नाही. पण चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीला तो माल मानवत नाही.

गवंडीबाबांनी ताबडतोब काम करायला मात्र नकार दिला. पारा पाच अंशांच्या खाली असताना चुन्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. ओला चुना गोठला तर भुसभुशीत होऊन गळून पडतो. मे महिन्यात ते आले. सिमेंट हातोडी-छिन्नीनं, दगडाची कड न दुखावता काढलं. दर्जा धुतल्या, ओल्या केल्या, चुना खोलवर दाबून भरला आणि वर ओलं गोणपाट टांगलं. कारण चुना नुसता वाळून उपयोगाचा नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा हळूहळू पुन्हा चुनखडक व्हावा लागतो, आणि त्यासाठी ओलावा टिकावा लागतो.

आमच्या घराजवळच चार्ल्सटाउन हे गाव आहे. एल्गिनच्या अर्लनं अठराव्या शतकात ते चुन्यासाठीच वसवलं. समुद्रालगत एका ओळीत १४ प्रचंड भट्ट्या अजून उभ्या आहेत. त्यांत चुनखडक नऊशे अंशांच्या आसपास भाजायचा, आणि कळीचा चुना गलबतांतून रवाना व्हायचा. याच घराण्यातले नववे अर्ल १८९४ ते १८९९ या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. पुण्यातली प्लेगची धरपकड आणि रँडचा वध त्यांच्याच कारकिर्दीत झाला. त्या भट्ट्यांसमोर उभं राहिलं की मला आपल्या किल्ल्यांवरचे चुन्याचे घाणे आठवतात, दगडी चर आणि त्यात फिरणारं चाक. दोन्हीकडे माणसांनी एकच शहाणपण कमावलं होतं.

वरून खाली

या भिंतीनं मला शिकवलेला क्रम वरून सुरू होतो, कारण पाणीही वरूनच येतं.

आधी छप्पर आणि पन्हळी. पानगळ संपली की पन्हळ साफ करायची. तुंबलेली एक पन्हळ अख्ख्या हिवाळ्यातल्या पावसापेक्षा जास्त पाणी एकाच जागी ओतते. जोराच्या पावसात छत्री घेऊन बाहेर पडावं आणि घराभोवती एक फेरी मारावी. पाणी कुठून चुकतंय ते तेव्हाच दिसतं. मग धुराडी : वापरात नसली तरी पूर्ण बुजवायची नाहीत, वर टोपी ठेवून हवेला वाट द्यायची. खिडकीखालचा दगड भिंतीच्या बाहेर आलेला हवा आणि त्याच्या पोटाला एक खाच हवी, म्हणजे थेंब भिंतीवर न ओघळता तिथूनच सुटतो. मॅकिन्टॉशनं अशाच गोष्टी गाळल्या होत्या.

गिलावा करायचाच तर चुन्याचा. स्कॉटलंडमध्ये चुना आणि खडी थापीनं भिंतीवर जोरात फेकून मारतात. त्याला ‘हार्लिंग’ म्हणतात. त्यानं भिंत खडबडीत होते आणि वाळायला जास्त पृष्ठभाग मिळतो. रंगही हवा जाऊ देणारा, शक्यतो चुन्याचाच. भिंतीत लोखंडी पट्ट्या-खिळे असतील तर खाऱ्या हवेत ते गंजून फुगतात आणि दगड फोडतात. त्यांच्याकडे लक्ष हवं. शेवटी पायाशी पाहायचं : अंगणातली माती किंवा फरशी घरातल्या जमिनीपेक्षा खाली असायला हवी, नाहीतर भिंत खालून पाणी पीत राहते.

कोकणात बर्फ पडत नाही, पण मीठ आहे, झड आहे, आणि जांभा तर वालुकाश्माइतकाच पाणी पिणारा. चुन्यात किंवा मातीत रचलेल्या जुन्या चिरेबंदी घरांना दुरुस्तीच्या नावाखाली सिमेंटचा जाड गिलावा दिलेला मी कितीदा पाहिलाय. दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतात, आणि दोष पावसाला दिला जातो. माझे आजोबा आगोटीला नारळाच्या झावळांची झापं विणून पावसाच्या बाजूच्या भिंतींना बांधायचे आणि पाऊस सरला की सोडायचे. झापं भिंतीला चिकटलेली नसत, मध्ये वीतभर हवा असे. हेलेन्सबराच्या तीन कोटी कड्या तेच काम करताहेत.

गेल्या मार्चमध्ये उन्हाची पहिली तिरीप आली तेव्हा मी समुद्राकडच्या भिंतीपाशी गेले. नव्या दर्जांवर जागोजाग पांढरी झाक आली होती. ब्रशनं झाडली, तळहातावर घेतली, जिभेला लावून पाहिली : खारट. मग गवंडीबाबांसारखं दगडावरून नख ओढलं. वाळू पडली नाही.