सत्य, सत्ता आणि मुरुडचे कर्वे

एखादे विधान खरे आहे की खोटे, हे पुराव्याने ठरते. ते उघडपणे मांडता येईल की नाही, हे मात्र बहुतेक वेळा सत्ता ठरवते. सत्ता सरकारच्याच हाती असते असे नाही. गावकी, जात, नोकरी देणारी संस्था आणि न्यायालय यांच्याकडेही माणसाला गप्प करण्याचे बळ असते. विवेक, सत्य आणि सत्ता यांचे हे नाते रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यातल्या मुरुड गावच्या कर्वे कुटुंबाच्या दोन पिढ्यांत फार स्पष्टपणे पाहायला मिळते.

पहिली पिढी धोंडो केशव कर्वे यांची. हिंदू विधवेच्या पुनर्विवाहाला १८५६ च्या कायद्याने मान्यता मिळाली होती. तरीही ३७ वर्षांनी, १८९३ मध्ये, विधुर असलेल्या कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला आणि त्याची झळ त्यांच्या आईलाही पोचली. कायदा सुधारकाच्या बाजूने होता, पण पंगत, पाणवठा, सोयरीक आणि धर्मकृत्ये यांची सूत्रे गावकीच्या हाती होती. रोजच्या जगण्याला स्पर्श करणारी सत्ता दूरच्या सरकारपेक्षा किती प्रबळ असते, हे या घटनेतून कळते. कर्व्यांनी वाद घालण्यात शक्ती खर्च केली नाही. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले. युक्तिवादाने जे पटत नव्हते, ते त्यांनी संस्था उभारून दाखवून दिले.

त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ यांचा जन्म १८८२ मध्ये मुरुडलाच झाला. गणिताचे प्राध्यापक असलेल्या रघुनाथरावांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्याच वर्षी मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये असेच केंद्र उघडले होते. बाईला मूल केव्हा आणि किती व्हावे, हे तिच्या इच्छेने ठरावे आणि त्यासाठी लागणारे शरीराचे ज्ञान सर्वांना मिळावे, ही त्यांची भूमिका. या कामात त्यांच्या पत्नी मालतीबाई यांची साथ होती. रघुनाथराव विल्सन कॉलेजात शिकवत. संततिनियमनाचा प्रचार किंवा नोकरी यांपैकी एक निवडा, असे त्यांना सांगण्यात आले, तेव्हा १९२५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली.

या प्रसंगावर इमान्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाच्या विचाराचा प्रकाश पडतो. १७८४ च्या एका निबंधात त्याने बुद्धीच्या वापराचे दोन प्रकार सांगितले. पदावर असताना माणसाने त्या पदाचे नियम पाळावेत. पण जाणकार म्हणून समाजापुढे लिहिताना त्याच्या बुद्धीवर बंधन नसावे. रघुनाथराव वर्गात गणितच शिकवत होते. त्यांचे लेखन आणि केंद्र वर्गाबाहेरचे होते. तरीही त्या लेखनाची किंमत पगाराने मोजावी लागली. कांटने मानलेली सीमारेषा प्रत्यक्ष जीवनात किती पुसट असते, ते येथे दिसते. ज्याचे पोट एखाद्या संस्थेवर अवलंबून आहे, त्याचे स्वातंत्र्य त्या संस्थेच्या सोसण्यापुरतेच उरते.

जुलै १९२७ मध्ये रघुनाथरावांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत पदरमोड करून चालवले. लैंगिक आरोग्य, विवाह आणि नीती या विषयांवर इतके मोकळे लेखन मराठीत नवे होते. अश्लीलतेच्या आरोपाखाली १९३१ मध्ये त्यांना १०० रुपये दंड झाला. १९३४ मध्ये वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून दुसरा खटला झाला. त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लीलच असते असे नाही, असा बचाव होता. तरीही २०० रुपये दंड झाला.

सत्ता सत्याशी कशी वागते, याचा एक महत्त्वाचा विशेष या खटल्यांत आढळतो. मासिकातील माहिती वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे का, हा मुद्दा निकालाच्या केंद्रस्थानी नव्हताच. ती सभ्य आहे का, एवढेच पाहिले गेले. सत्तेला सत्य खोडून काढावे लागत नाही. चर्चेचा प्रश्न बदलला की काम भागते. नीती, भावना, परंपरा किंवा सुव्यवस्था यांच्या नावाने प्रश्न बदलला जातो आणि पुरावा बाजूला पडतो.

१९३८ मध्ये आंबेडकरांनी तयार केलेला संततिनियमनाचा ठराव पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात मांडला. तो नामंजूर झाला. पुढे १९५२ मध्ये भारत सरकारनेच कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. ज्या संततिनियमनाच्या प्रचारापायी रघुनाथरावांना नोकरी सोडावी लागली होती, ते सत्तावीस वर्षांनी सरकारी धोरण बनले.

परंतु सत्य सत्तेने स्वीकारले म्हणजे प्रश्न संपला, असे होत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्येच ‘अपात्र’ ठरवलेल्या व्यक्तींची सक्तीची नसबंदी वैध मानली होती. भारतात आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात, ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील अनेक दबावाखाली झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक १९७६ मध्ये संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. मिशेल फुको या फ्रेंच विचारवंताने दाखवले आहे की आधुनिक सत्ता केवळ मनाई करून थांबत नाही. ती लोकसंख्या, जन्मदर आणि आरोग्य यांचे ज्ञान गोळा करते आणि त्याच्या आधारे माणसांच्या शरीरांचे नियोजन करते. रघुनाथरावांच्या विचारातले तंत्र राज्याने घेतले. बाईची इच्छा, जी त्या विचाराचा गाभा होती, ती मात्र सोडून दिली. १९७७ नंतर या कार्यक्रमाचे नाव ‘कुटुंब कल्याण’ झाले आणि सक्ती मागे पडली, ती मतदारांच्या रोषामुळे.

सत्ता सत्याला दोन मार्गांनी इजा करते, हे या इतिहासातून स्पष्ट होते. एका मार्गाने ती सत्य बोलणाऱ्याला शिक्षा करते. दुसऱ्या मार्गाने तेच सत्य आपल्या हातात घेऊन त्यातील माणसाची संमती काढून टाकते. पहिल्या संकटात स्वतंत्र मासिक, निर्भय वकील आणि नोकरीवर पाणी सोडण्याची तयारी कामी येते. दुसऱ्यात निवडणूक, न्यायालय आणि सजग वृत्तपत्रे यांची गरज लागते. आज माहिती कोणापर्यंत पोचावी हे ठरवण्यात मोठ्या कंपन्यांचाही वाटा आहे. म्हणून जुन्या कसोट्या त्यांनाही लागू होतात. सांगितलेल्या गोष्टीचा पुरावा काय, मूळ प्रश्न बदलला गेला आहे का आणि ज्याच्या आयुष्यावर परिणाम होणार त्याची संमती घेतली आहे का, हे तीन प्रश्न विचारण्याची मोकळीक नागरिकांना असेल, तरच विवेकाला सत्तेवर अंकुश ठेवता येतो.