विश्लेषण : धावणारा क्वार्टरबॅक घडवायचा कसा? पाय वाचवत हात तयार करण्याचे गणित काय?

दिवस एकच, ६ जानेवारी. २०१३ मध्ये या दिवशी वॉशिंग्टन संघाचा २२ वर्षांचा क्वार्टरबॅक रॉबर्ट ग्रिफिन बाद फेरीच्या सामन्यात गुडघा धरून कोसळला. बरोबर सहा वर्षांनी, २०१९ मध्ये, बाल्टिमोर रेव्हन्सचा लमार जॅक्सन बाद फेरीचा सामना हरला आणि घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. तेव्हा त्याला २२ वर्षे पूर्णही झाली नव्हती. दोघेही विजेच्या चपळाईने धावणारे, दोघेही पहिल्याच मोसमात गाजलेले. ग्रिफिन पुन्हा पूर्वीसारखा खेळू शकला नाही. जॅक्सन पुढच्याच मोसमात नॅशनल फुटबॉल लीगचा म्हणजेच एनएफएलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. हा फरक केवळ नशिबाचा होता की धावणाऱ्या तरुण क्वार्टरबॅकला घडवण्याची काही पद्धत आहे?

क्वार्टरबॅकचे काम नेमके काय?

अमेरिकन फुटबॉलमध्ये दोन्ही बाजूंना ११-११ खेळाडू असतात. आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे जायचे असते. ते जमले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. जवळपास प्रत्येक प्रयत्नात चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हाती येतो. तो कोणाकडे फेकायचा, शेजारच्या रनिंग बॅकच्या हाती द्यायचा की स्वतः घेऊन पळायचे, हे त्याने ठरवायचे असते. त्याला वाचवण्यासाठी पुढे उभे राहिलेले धिप्पाड खेळाडू त्याच्याभोवती जी जागा राखतात, तिला ‘पॉकेट’ म्हणतात. ही जागा साधारण अडीच ते तीन सेकंद टिकते. तेवढ्यात त्याला समोरच्या बचावाची रचना ओळखून पहिला, दुसरा, तिसरा पर्याय क्रमाने तपासायचा असतो.

धावणारा क्वार्टरबॅक प्रतिस्पर्ध्यांना नकोसा का असतो?

कारण साध्या अंकगणितात आहे. क्वार्टरबॅकने चेंडू रनिंग बॅकच्या हाती दिला की त्याचे काम संपते. म्हणजे ११ बचावपटूंसमोर प्रत्यक्षात १० जणच उरतात. क्वार्टरबॅक स्वतः पळू शकत असेल तर हा हिशेब ११ विरुद्ध ११ असा बरोबरीचा होतो. ‘रीड ऑप्शन’ या डावपेचात तर कडेच्या एका बचावपटूला मुद्दाम न अडवता मोकळे सोडतात. तो रनिंग बॅकच्या मागे धावला तर क्वार्टरबॅक चेंडू स्वतःकडे ठेवतो. तो जागेवर थांबला तर चेंडू रनिंग बॅकला मिळतो. त्याने काहीही केले तरी चुकतेच.

दुसरा फायदा पासच्या खेळात होतो. एकेका बचावपटूने एकेका खेळाडूला चिकटून राहायचे ठरवले, तर त्यांची पाठ क्वार्टरबॅककडे होते आणि त्याच्यासमोर मोकळे रान उरते. त्यामुळे अनेक संघ त्याच्याविरुद्ध माणसाऐवजी मैदानाचा पट्टा राखतात किंवा एका बचावपटूला केवळ त्याच्या पाळतीवर ठेवतात. दोन्ही उपायांत बचावाची कुठली तरी एक बाजू पातळ होते.

मग अडचण कुठे येते?

अडचण याच गुणातून येते. महाविद्यालयीन पातळीवर चपळ खेळाडूला पहिला पर्याय बंद दिसला की तो पळतो आणि बहुतेक वेळा यशस्वीही होतो. साहजिकच दुसरा आणि तिसरा पर्याय शोधण्याची सवय लागत नाही. एनएफएलमधील बचावपटू मात्र अधिक वेगवान, अधिक वजनदार आणि अभ्यासू असतात. ते पळण्याची वाट अडवतात आणि चेंडू फेकून दाखव, असे आव्हान देतात. जॅक्सनबाबत नेमके हेच घडले. २०१८च्या मोसमात लॉस एंजेलिस चार्जर्सच्या बचावाने त्याचा वेग झेपावा म्हणून चक्क सात चपळ बचावपटू एकाच वेळी मैदानात उतरवले. पॉकेटमध्ये त्याला वारंवार पाडले आणि सामना २३-१७ असा जिंकला.

म्हणजे अशा खेळाडूला पळायला शिकवावे लागत नाही. कधी पळायचे नाही, हे शिकवावे लागते. पळणे हे पहिल्या उत्तराऐवजी शेवटचे उत्तर व्हायला हवे आणि ते करताना त्याचा मूळ गुणही मारला जाता कामा नये. प्रशिक्षकांची कसोटी इथेच लागते.

ग्रिफिनच्या बाबतीत काय झाले?

ग्रिफिनला मिळवण्यासाठी वॉशिंग्टनने २०१२ मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीतील, म्हणजेच ‘ड्राफ्ट’मधील, पहिल्या फेरीच्या तीन आणि दुसऱ्या फेरीची एक संधी मोजली होती. प्रशिक्षकांनी त्याच्या वेगाला साजेसे डावपेच आखले. पहिल्याच मोसमात त्याने ८१५ यार्ड धाव घेतली, २० टचडाउन पास दिले, त्याचे केवळ पाच पास प्रतिस्पर्ध्यांनी हिरावले आणि तो आक्रमणातील सर्वोत्तम नवोदित ठरला.

डिसेंबरमध्ये मात्र त्याच्या उजव्या गुडघ्याला दुखापत झाली. एका सामन्याच्या विश्रांतीनंतर तो परतला. सिएटलविरुद्धच्या बाद फेरीत पहिल्याच सत्रात तो लंगडू लागला, तरीही खेळत राहिला. चौथ्या सत्रात गुडघा वळला आणि दोन अस्थिबंध फाटले. लंगडणाऱ्या खेळाडूला बाहेर का काढले नाही, यावर पुढे बराच वाद झाला. मी खेळतो, असे तो म्हणत होता, हा खुलासा पुरेसा नव्हता. २२ वर्षांचा खेळाडू बाद फेरीत दुसरे काय म्हणणार? थांब, असे सांगणारा माणूस मैदानाबाहेर असावा लागतो.

बाल्टिमोरने जॅक्सनला कसे घडवले?

जॅक्सनने २०१६ मध्ये महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोच्च हाइजमन पुरस्कार पटकावला होता. तरीही २०१८च्या ड्राफ्टमध्ये त्याच्याआधी चार क्वार्टरबॅक निवडले गेले आणि तो पहिल्या फेरीत अगदी शेवटी, ३२व्या क्रमांकावर गेला. त्याने रिसीव्हर म्हणजे चेंडू झेलणारा खेळाडू व्हावे, असा सल्ला अनुभवी माजी संघव्यवस्थापक बिल पोलियन यांनी जाहीरपणे दिला होता. आपले चुकले, हे पोलियन यांनी नंतर मान्य केले. कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकना जागा बदलायला सांगण्याचा इतिहास अमेरिकेत जुना आहे. वॉरन मून याला १९७८ मध्ये कोणीही निवडले नाही. तो कॅनडात खेळायला गेला आणि पुढे एनएफएलच्या ‘हॉल ऑफ फेम’पर्यंत पोहोचला.

रेव्हन्सने उलट मार्ग धरला. खेळाडूची जागा बदलण्याऐवजी त्यांनी संघाची रचना बदलली. पहिल्या मोसमात जो फ्लॅकोला दुखापत झाल्यावर जॅक्सनकडे सूत्रे आली. त्याने सातपैकी सहा सामने जिंकून दिले, पण तो एकूण १४७ वेळा चेंडू घेऊन पळाला. हा भार कायम पेलणारा नव्हता. २०१९ मध्ये आक्रमणाची सूत्रे ग्रेग रोमन यांच्याकडे गेली. कॉलिन कॅपरनिक या धावणाऱ्या क्वार्टरबॅकबरोबर त्यांनी आधी काम केले होते. क्वार्टरबॅक प्रशिक्षक जेम्स अर्बन यांनी पूर्वी मायकल विकला शिकवले होते. आणि त्याच संघात राखीव क्वार्टरबॅक म्हणून कोण होता? रॉबर्ट ग्रिफिन. वेगाची किंमत गुडघ्याने मोजलेला माणूस जॅक्सनला सल्ला द्यायला शेजारी होता.

त्या मोसमात जॅक्सनने ३६ टचडाउन पास दिले, १,२०६ यार्ड धाव घेत विकचा २००६ मधील १,०३९ यार्डांचा विक्रम मोडला आणि एकमताने सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळवला. पण गोष्ट इथे संपली नाही. २०२१ मध्ये घोट्याच्या आणि २०२२ मध्ये गुडघ्याच्या दुखापतीने त्याचे मोसम अर्ध्यावर संपले. विशेष म्हणजे या दोन्ही दुखापती चेंडू घेऊन मुसंडी मारताना झाल्या नव्हत्या. एक पास फेकल्यानंतरच्या धडकेत झाली आणि दुसरी चेंडू फेकण्याआधीच पाडले गेल्याने. पळताना धडक येताना दिसते, पॉकेटमध्ये ती अनेकदा पाठीमागून येते. म्हणजे पॉकेट म्हणजे सुरक्षित घर, हा समजही अर्धाच खरा आहे.

२०२३ मध्ये टॉड मंकन यांनी पासवर भर देणारे आक्रमण आणले आणि जॅक्सन दुसऱ्यांदा सर्वोत्तम ठरला. २०२४ मध्ये डेरिक हेन्री हा दणकट रनिंग बॅक जोडीला आल्याने त्याच्या पायांवरचा भार वाटला गेला. जॅक्सनने त्या मोसमात ४१ टचडाउन पास दिले आणि फक्त चार पास गमावले. एकाच मोसमात ४,००० यार्ड पास आणि ९०० यार्ड धाव अशी कामगिरी करणारा तो पहिला क्वार्टरबॅक ठरला. मात्र सुपर बोलचे विजेतेपद त्याला अद्याप हुलकावणी देत आहे.

ॲलन आणि हर्ट्स यांची वाट कशी होती?

बफेलो बिल्सचा जॉश ॲलनही २०१८ मधलाच. पहिल्या मोसमात तो उत्तम पळाला, पण त्याचे अवघे ५२.८ टक्के पास अचूक होते. दुसऱ्या मोसमात हे प्रमाण ५८.८ आणि तिसऱ्यात ६९.२ टक्क्यांवर गेले. बिल्सने धीर धरला, त्याच्या फेकण्याच्या तंत्रावर आणि पायांच्या ठेवणीवर मेहनत झाली आणि २०२० मध्ये स्टेफॉन डिग्ज हा अव्वल रिसीव्हर संघात आणला गेला. पुढे २०२४च्या सर्वोत्तम खेळाडूच्या शर्यतीत जॅक्सनला मागे टाकले ते याच ॲलनने.

फिलाडेल्फियाचा जेलन हर्ट्स तर दुसऱ्या फेरीत, ५३व्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच्यापुढे लीगमधील भक्कम बचाव-भिंत होती. २०२२ मध्ये ए. जे. ब्राउन आल्यावर त्याच्या पासची अचूकता ६६.५ टक्क्यांवर पोहोचली. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याने संघाला सुपर बोल जिंकून दिला आणि अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला.

रिचर्डसन का अडखळला?

चांगला प्रशिक्षक मिळाला की झाले, असेही नाही. हर्ट्सला घडवणाऱ्यांपैकी एक शेन स्टायकन २०२३ मध्ये इंडियानापोलिस कोल्ट्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांनी चौथ्या क्रमांकावर अँथनी रिचर्डसनला घेतले. उंची, ताकद, वेग सगळे होते. अनुभव मात्र महाविद्यालयात सुरुवातीपासून खेळलेल्या अवघ्या १३ सामन्यांचा. त्याला थेट पहिल्याच सामन्यापासून उतरवले गेले. दुसऱ्या सामन्यात डोक्याला मार बसला, पुढे पळताना खांदा दुखावला आणि चार सामन्यांत मोसम संपला. जे शिकायला सामने खेळावे लागतात, ते शिकण्याआधीच शरीर थांबले. २०२४ मध्ये त्याचे निम्म्याहून कमी, ४७.७ टक्के पासच अचूक होते. काही काळ त्याच्या जागी खेळला तो ३९ वर्षांचा जो फ्लॅको. २०२५ मध्ये डॅनियल जोन्सने त्याची जागा घेतली.

संघ थांबत का नाहीत?

कारण घड्याळ करारातच असते. पहिल्या फेरीतील खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो आणि पाचव्या वर्षाचा पर्याय वापरायचा की नाही, हे संघाला तिसऱ्या मोसमानंतर ठरवावे लागते. तोवर खेळाडू तुलनेने स्वस्त असतो आणि वेतनमर्यादेत उरलेल्या पैशांतून भक्कम संघ उभारता येतो. नंतर आकडे बदलतात. जॅक्सनचा २०२३ चा करार पाच वर्षांसाठी २६ कोटी डॉलरचा आहे. त्यामुळे सुरुवातीच्या स्वस्त वर्षांत जिंकण्याची घाई असते आणि घाईच्या वेळी सर्वांत सोपा डाव म्हणजे त्या पोराला पळवणे.

बचावाचे उपाय आहेत. धावताना क्वार्टरबॅकने पाय पुढे करून घसरत खाली बसले की खेळ तिथेच थांबतो आणि त्यानंतर त्याला धडक देणे नियमबाह्य ठरते. तो सीमारेषेबाहेरही जाऊ शकतो. पण दोन यार्ड जास्त मिळत असताना ते सोडून देणे तरुण रक्ताला जड जाते. म्हणून त्याचाही सराव करून घ्यावा लागतो.

आता लक्ष कोणाकडे?

पुन्हा वॉशिंग्टनकडेच. २०२४ मध्ये जेडन डॅनियल्सने ८९१ यार्ड धाव घेत नवोदित क्वार्टरबॅकचा ग्रिफिनचा विक्रम मोडला आणि संघाला उपांत्य फेरीपर्यंत नेले. २०२५ मध्ये मात्र दुखापतींनी त्याची पाठ सोडली नाही. नोव्हेंबरमध्ये सिएटलविरुद्ध संघ ३१ गुणांनी मागे असताना आणि सामना जवळपास संपलेला असताना तो मैदानातच होता. त्याचे कोपर निखळले. त्याला बाहेर न काढल्याची जबाबदारी मुख्य प्रशिक्षक डॅन क्विन यांनी स्वतःकडे घेतली. २०१३ मध्ये समोर सिएटलच होते आणि प्रश्नही हाच होता. पुढच्या वेळी तो प्रश्न धडक बसण्याआधी विचारला जातो का, यावर डॅनियल्सची पुढची वाटचाल बरीचशी अवलंबून असेल.