आधी छप्पर, मग वायर : पेठेतील जुन्या वाड्याची दुरुस्ती

पुण्यातील स्वारगेटचा जेधे चौक आज बसस्थानक, उड्डाणपूल आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून तेथवर धावू लागलेली भुयारी मेट्रो यांच्या गर्दीने ओळखला जात असला, तरी तेथून उत्तरेला शुक्रवार पेठेत किंवा ईशान्येला घोरपडे पेठेतून गंज पेठेकडे पायी निघाले, तर दगडी जोत्यावर उभे असलेले, लाकडी सांगाड्याचे कौलारू वाडे अजूनही दृष्टीस पडतात. त्यांतील पुष्कळ पुनर्विकासाच्या प्रतीक्षेत आहेत, काहींना दर पावसाळ्याच्या तोंडावर महानगरपालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस लागते, आणि थोडे वाडे मात्र असे आहेत, की त्यांत राहणारी कुटुंबे ते स्वतःच्या हिमतीवर सावरू पाहतात. अशा घरांत दुरुस्तीला हात घातला, की पहिली मागणी बहुधा विजेची असते, कारण नव्या उपकरणांचा भार जुन्या तारांना पेलत नाही; आणि नेमक्या याच घाईत वायरिंग आधी, गिलावा नंतर व छप्पर सवडीने असा उलटा क्रम लागून खर्च आणि धोका दोन्ही वाढतात. जुन्या घरात वीज हा स्वतंत्र विषय नसतो. तो पाण्याच्या विषयाला जोडलेला असतो.

हे समजण्यासाठी वाडा उभा कसा राहतो, ते पाहावे लागते. काळ्या पाषाणाच्या जोत्यावर दगडी तळखडे बसवून त्यांवर सागवानी खांब उभे केले जातात, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि कड्यांवर पाट अशी रचना होते. या शेवटच्या जोडीलाच कडीपाट म्हणतात, आणि पाटांवर मातीचा थर चोपून वरच्या मजल्याची जमीन तयार केली जाते. दोन खांबांमधील अंतराला खण म्हणतात आणि घराची लांबी-रुंदी खणांत मोजली जाते. वजन मुख्यतः हा लाकडी सांगाडा वाहतो, तर भिंती, विशेषतः वरच्या मजल्यांवरील, बहुधा मातीच्या किंवा मातीत बसवलेल्या विटांच्या असून त्यांचे काम मुख्यतः आडोशाचे असते. अशी रचना सामान्य गृहस्थाच्या घराच्या प्रमाणात पाहायची असेल, तर गंज पेठेतील महात्मा फुले वाडा जवळच आहे. ज्या घरातील पाण्याचा हौद जोतीरावांनी १८६८ मध्ये अस्पृश्यांसाठी खुला केला, ते हे घर आता संरक्षित स्मारक असून त्याचा ठेंगणेपणा आणि साधेपणा पाहिला, की पुण्याचा वाडा म्हणजे केवळ पेशव्यांचे प्रासाद नव्हेत, हे ध्यानात येते.

अशा घरांत वीज आली ती नंतर, आणि आली तेव्हा ती भिंतीत न शिरता भिंतीवरून गेली. सागवानी पट्टीवर धातूच्या क्लिपांनी आवळलेली रबरी आवरणाची तार, किंवा दोन खाचांच्या लाकडी पट्टीत तारा घालून वर झाकणपट्टी ठोकलेली केसिंग-कॅपिंगची पद्धत, लाकडी गोल ठोकळ्यावर बसवलेले काळे बॅकेलाइटचे स्विच आणि दिंडीदरवाजाच्या आतल्या अंगाला मीटरशेजारी चिनी मातीचे किटकॅट फ्यूज, ही त्या काळाची सामग्री होय. तिच्यामागचा विचार वाईट नव्हता. तार दिसत असल्याने बिघाड शोधणे सोपे जाई आणि मातीच्या भिंतीला धक्का लागत नसे. काळाच्या ओघात झिजले ते आवरण. गंधक घालून घट्ट केलेले रबर काही दशकांत कडक होते, त्याला भेगा पडतात आणि तार वाकवताच त्याचे तुकडे गळून पडतात. पुढे तांब्याची टंचाई असताना अनेक घरांत ॲल्युमिनिअमच्या तारा आल्या. हा धातू तांब्याच्या सुमारे ६० टक्केच वाहक आहे, त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा वीजरोधक थर लगेच जमतो आणि स्क्रूखाली दाबला असता तो हळूहळू पसरून सांधा सैल पडतो. अशा सैल सांध्यावर ठिणग्या उडतात आणि तेथून लाकूड तापू लागते.

जुन्या फ्यूजबोर्डाकडे जवळून पाहिले, तर आणखी एक गोष्ट आढळते. त्यावर प्रत्येक शाखेसाठी, म्हणजे सर्किटसाठी, दोन किटकॅट असतात, एक फेजवर आणि दुसरा न्यूट्रलवर. फेज म्हणजे ज्या तारेवर पूर्ण दाब असतो ती, आणि न्यूट्रल म्हणजे परतीची तार. न्यूट्रलवरचा फ्यूज वितळला, तर दिवा विझतो आणि घरातील माणूस वीज गेली असे समजून होल्डरला हात लावतो, परंतु फेज तशीच जिवंत असते. आजच्या नियमांत न्यूट्रलवर फ्यूज चालत नाही. म्हणून जुना बोर्ड शोभेची वस्तू म्हणून जपायचा असला, तरी त्यातून वीज वाहू देऊ नये.

भाराचे गणित सोपे आहे, पण ते मांडल्याशिवाय धोका कळत नाही. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात पूर्वी साठ वॉटचे दोन दिवे आणि एक पंखा असे, म्हणजे २३० व्होल्टला एक अँपिअरपेक्षाही कमी प्रवाह. त्याच तारेवर आज २,००० वॉटचा गिझर लावला, तर एकटा तोच जवळपास ९ अँपिअर खेचतो. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रवाह दहापट झाला तर उष्णता शंभरपट होते. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार घातली, की फ्यूज टिकतो आणि त्याऐवजी पट्टीमागची तार तापते. सागवान आणि वाळलेली धूळ यांच्या शेजारी तापलेली तार काय करू शकते, हे सांगण्याची गरज पुणेकरांना नसावी. १८२८ मध्ये शनिवारवाडा आणि १८७९ मध्ये बुधवारवाडा आगीत गेला, त्याच १८७९ च्या आगीत १८०७ च्या विश्रामबागवाड्याचाही भाग जळाला. त्या आगींशी विजेचा संबंध नव्हता. पण कडीपाटाची घरे एकदा पेटली की कशी पेटतात, ते त्यांनी दाखवून दिले.

आता पाण्याचा संबंध. आधुनिक बोर्डात दोन निरनिराळी संरक्षक साधने असतात. एमसीबी हे जादा प्रवाह झाल्यास शाखा तोडते, म्हणजे ते फ्यूजचे काम करते आणि तारेला वाचवते. आरसीसीबी माणसाला वाचवते : फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह ते सतत ताडून पाहते, आणि दोहोंत ३० मिलिअँपिअरपर्यंत तफावत पडली, म्हणजे तेवढी वीज अन्य वाटेने जमिनीत झिरपत आहे असे दिसले, की क्षणार्धात पुरवठा तोडते. ही अन्य वाट माणसाचे शरीर असू शकते, तशीच ती ओली भिंतही असू शकते. कौलातून झिरपलेले पाणी भिंतीत मुरले आणि त्या भिंतीवरील बोर्डात ओल शिरली, तर पावसाळ्यात आरसीसीबी पुन्हापुन्हा उडू लागते, आणि वैतागलेले घरचे लोक एखाद्या कारागिराला सांगून ती वगळून थेट जोडणी करून घेतात. अशा रीतीने ज्या साधनासाठी सारा खर्च केला, तेच पहिल्या आषाढात निकामी होते. छप्पर आधी आणि वायर नंतर, हा क्रम येथून येतो.

म्हणून काम चैत्र-वैशाखात, शाकारणीने सुरू व्हावे. फुटकी कौले बदलणे, रिपा व वासे तपासणे, पन्हळी मोकळ्या करणे आणि पाणी जोत्यापासून दूर नेणे या गोष्टी घरातील माणसे एखाद्या जाणत्या गवंड्यासोबत स्वतः करू शकतात. पेठांतील घरांवर पूर्वी हाताने घडवलेली अर्धगोल कौले असत. बाझेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढल्यानंतर पसरलेली चपटी मंगलोरी कौले आज अधिक दिसतात, आणि दोहोंचा उतार व वजन वेगळे असल्याने एकाच्या जागी दुसरी घालताना वाशांचा विचार करावा लागतो.

छपरानंतर भिंत. येथे सर्वांत मोठी हानी सिमेंटने केली आहे. मातीची किंवा चुन्याची भिंत जमिनीतून ओल शोषते आणि पृष्ठभागावरून ती बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा किंवा प्लॅस्टिक रंग चढवला, की बाष्पाची वाट बंद होते, ओल आतल्या आत वर चढते आणि भिंतीत पुरलेली खांबांची बुडे व तुळयांची टोके कुजू लागतात. गिलावा वरून कोरडा व टणक दिसत असल्याने हे वर्षानुवर्षे कळत नाही. म्हणून जुन्या भिंतीला चुनाच लावावा. चुनकळी पाण्यात विरवून, ती पाण्याखाली काही आठवडे मुरू देऊन, वाळू व विटांची भुकटी म्हणजे सुरखी यांसह पूर्वी बैलाने फिरवलेल्या घाण्यात मळली जाई आणि तिच्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी, तागाचे तंतू असे पदार्थ घातले जात. असा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो, त्यामुळे त्याला वेळ द्यावा लागतो. एक थर पुरता धरल्याशिवाय दुसरा देता येत नाही, आणि मध्यंतरी त्याला पाण्याचा हलका शिडकावा लागतो. हे काम कष्टाचे आहे, तरी शिकता येण्यासारखे आहे, आणि स्वतः हात लावायचा असेल त्याला सर्वांत समाधान देणारे हेच काम ठरावे.

लाकडाची परीक्षा टोच्याने करावी. खांबाच्या बुडाशी आणि तुळईच्या भिंतीतील टोकाशी टोचा सहज आत गेला, तर आतून वाळवी किंवा कूज आहे असे समजावे. संपूर्ण खांब क्वचितच वाया गेलेला असतो. बहुधा बुडाचा हात-दीड हात भाग कापून तेथे नव्या सागाचा तुकडा खाचेत खाच बसवून जोडता येतो. मात्र त्यासाठी वरचा भार जॅक आणि टेकूंवर घ्यावा लागतो, आणि भार कोणत्या वाटेने खाली येतो हे स्थापत्य अभियंत्याने पाहिल्याशिवाय एकही टेकू हलवू नये. स्वारगेटपासून जवळच असलेल्या भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये जुने, पूर्ण वाळलेले सागवान शोधल्यास मिळू शकते. ते नव्यापेक्षा कमी वाकते, म्हणून अशा जोडकामासाठी चांगले.

विजेच्या कामात स्वतः किती करावे, याचे उत्तर कायद्यानेच दिले आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० आणि २०२३ च्या विनियमांपर्यंत तत्त्व एकच आहे : मूळ जोडणीची क्षमता किंवा स्वरूप न बदलता दिवा, पंखा, फ्यूज, स्विच किंवा घरगुती उपकरण बदलणे ग्राहकाला मोकळे आहे, बाकी सर्व काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराने, सक्षमतेचे प्रमाणपत्र धारण करणाऱ्या व्यक्तीच्या देखरेखीखाली करायचे आहे. याचा अर्थ घरमालकाने हात बांधून बसावे असा नाही. उलट सर्वांत मोलाचे काम त्याचेच आहे, आणि ते कागदावरचे आहे. प्रत्येक खोलीचा नकाशा काढून कोणता पॉइंट कोठे हवा, कोणते उपकरण किती वॉटचे, हे लिहावे, त्याची बेरीज वीजबिलावर छापलेल्या मंजूर भाराशी ताडून पाहावी आणि तो कमी पडत असेल तर महावितरणकडे वाढीव भाराचा अर्ज आधीच करावा. दिवे-पंख्यांच्या एका शाखेवर दहापेक्षा अधिक पॉइंट किंवा ८०० वॉटपेक्षा अधिक भार नसावा, १६ अँपिअरच्या शाखेवर दोनच सॉकेट असावेत आणि गिझरला स्वतंत्र शाखा असावी. दिव्यांसाठी दीड, सॉकेटसाठी अडीच आणि गिझरसाठी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार सर्वसाधारणपणे पुरते. जुने कारागीर अजूनही ‘एक अठरा’, ‘तीन वीस’ अशी तारेतील तंतूंची संख्या आणि गेज सांगणारी भाषा वापरतात. बाजारात आणि बिलावर चौरस मिलिमीटर असतात, म्हणून विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत खरेदीला जाताना यादी त्या मापात असावी.

तारांचा मार्ग ठरवणे हा या साऱ्यातला सर्वांत नाजूक निर्णय आहे. सिमेंटच्या घरांची सवय असलेला कारागीर भिंतीत खाच मारून पाइप पुरायला निघतो. मातीच्या पातळ भिंतीत ही खाच भिंतीची निम्मी जाडी खाते, ओल तारेजवळ आणते आणि बुजवताना पुन्हा सिमेंटच येते. वाड्यात तार भिंतीवरूनच जावी : तुळईच्या वरच्या कडेने आडवी, खांब आणि भिंत यांच्या कोपऱ्यातून उभी, आणि जोड फक्त उघडता येतील अशा पेट्यांत. तुळईतून तार पार करणे अटळ असेल, तर छिद्र तिच्या उंचीच्या मध्यावर, लहान आणि अभियंत्याला विचारूनच घ्यावे. वाकणाऱ्या तुळईत वरचे तंतू दाबले जातात, खालचे ताणले जातात आणि मधल्यांवर हा ताण व दाब सर्वांत कमी असतो. खालच्या कडेला मधोमध पाडलेली खाच ही तुळई मोडण्याची सुरुवात ठरू शकते. माळ्यावर, जेथे घुशी आणि उंदीर वावरतात, तेथे प्लॅस्टिकऐवजी लोखंडी पाइप घालून तो अर्थिंगला जोडावा. तारा आयएसआय खुणेच्या आणि जळताना कमी धूर सोडणाऱ्या, म्हणजे एफआरएलएस प्रकारच्या, घ्याव्यात.

अर्थिंग ही जुन्या घरांतील नेहमीची उणीव. दोन पिनांच्या सॉकेटवर चाललेल्या बिऱ्हाडांत ते बहुधा नसतेच, किंवा नळाच्या पाइपाला बांधलेले असते, आणि मधला लोखंडी नळ कधीतरी प्लॅस्टिकचा झाला, की त्याचा जमिनीशी संबंध तुटतो. वाड्याला मात्र एक मोठा लाभ आहे : त्याला चौक असतो. चौकाच्या मोकळ्या जमिनीत सुमारे अडीच मीटर लांबीचा जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप कोळसा आणि मिठाच्या थरांत पुरून स्वतंत्र अर्थिंग करता येते, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालता येते; फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला हे स्वातंत्र्य नाही.

अनेक वाड्यांत मालक एक आणि भाडेकरू अनेक असल्याने काम अडते ते खर्चावर. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ नुसार घर राहण्यायोग्य ठेवणे मालकाचे कर्तव्य आहे. त्याने किमान पंधरा दिवसांच्या नोटिशीनंतरही वाजवी काळात दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, परंतु एका वर्षात वर्षभराच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक नाही. पेठांतील जुनी भाडी पाहता ही रक्कम इतकी किरकोळ ठरते, की मालक आणि भाडेकरू यांनी एकत्र बसून वाटणी ठरवणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. वाडा महानगरपालिकेच्या वारसा यादीत असेल, तर दर्शनी भागातील बदलांसाठी पूर्वपरवानगी घ्यावी लागते, आणि ती काम सुरू होण्यापूर्वीच मागावी.

काम पुरे झाल्यावर वीज सुरू करण्यापूर्वी ठेकेदाराने मेगरने, म्हणजे ५०० व्होल्टचा दाब देऊन वीजरोध मोजणाऱ्या यंत्राने, तारा आणि जमीन यांच्यातील रोध घरच्यांसमोर मोजून दाखवावा. तो एक मेगओहमच्या खाली उतरला, तर कोठेतरी ओल आहे किंवा आवरण दुखावले आहे असे समजून ती शाखा शोधून काढावी. हीच मोजणी पहिल्या पावसाळ्यात, भिंती पुरत्या भिजलेल्या असताना, पुन्हा करून घ्यावी. दोन आकड्यांतील फरक छपराच्या कामाबद्दलही बरेच सांगून जातो. ठेकेदाराचा चाचणी अहवाल आणि शाखांचा नकाशा बोर्डाच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटवावा आणि आरसीसीबीवरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून ती उडते की नाही, हे पाहावे.