श्वासाच्या वाटेतील अडसर

अपुऱ्या दिवसांचे मूल जन्मतःच धापा टाकू लागले की संशयाचे बोट प्रथम फुफ्फुसाकडे वळते, आणि ते साहजिकही आहे. ७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा पॅट्रिक हा मुलगा साडेपाच आठवडे अगोदर जन्मला आणि राष्ट्राध्यक्षाच्या दिमतीला असणारी सारी साधनसामग्री हाताशी असूनही अशाच धापेने सुमारे ३९ तासांत बोस्टन येथे निवर्तला. फुफ्फुसांतील सूक्ष्म वायुकोश मिटू न देणारा जो स्निग्ध द्रव, त्याची उणीव हे या व्याधीचे मूळ आहे, असे मेरी एलन एव्हरी व जेरे मीड यांनी १९५९ मध्येच दाखवून दिले होते. पण तो द्रव बाहेरून पुरविण्याची किमया जपानमधील फुजिवारा यांना साधली ती १९८० मध्ये. तेव्हापासून अशा बालकाची प्रत्येक धाप फुफ्फुसाच्याच नावे खतावण्याचा जणू शिरस्ता पडला. शंभरांतील बहुतेक वेळा तो बरोबरच ठरतो. परंतु क्वचित फुफ्फुसे बिचारी निर्दोष असतात आणि तेथवर हवा नेणारी वाटच कोठेतरी अडलेली असते.

ही वाट नाकापासून सुरू होते. तान्हे मूल मुख्यत्वे नाकानेच श्वास घेते. त्यामुळे नाकाची मागील दोन्ही द्वारे जन्मतःच बंद असली, तर ते स्वस्थ पडले असता काळेनिळे पडते आणि टाहो फोडला, म्हणजे तोंड उघडले, की पुन्हा गुलाबी होते. रडण्याने मूल सुधारते हा विलक्षण प्रकार ज्या परिचारिकेच्या नजरेने टिपला, तिने अर्धे निदान केलेच म्हणावयाचे. उरलेल्या अर्ध्याची खातरजमा नाकपुडीतून बारीक रबरी नळी घशापर्यंत उतरते की मध्येच अडते, एवढ्यावरून पुष्कळदा होते.

परंतु खरी मेख आहे ती स्वरतंतूंच्या लगेच खाली. येथे श्वासनलिकेला अंगठीसारखे संपूर्ण वेढणारे कूर्चेचे एक कडे असते, आणि कडे म्हटले की सूज बाहेरच्या बाजूस पसरण्याची मुभा नाही. ती आतच येणार. अपुऱ्या दिवसांच्या मुलात या जागेचा व्यास सुमारे साडेतीन ते चार मिलिमीटर. चार मिलिमीटरच्या वाटेला चहूबाजूंनी एक मिलिमीटर सूज आली, तर वाट एक चतुर्थांश उरते आणि हवेच्या संथ प्रवाहाला होणारा विरोध सोळापट वाढतो. आता दैवाची गंमत पाहा. १९६५ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील भूलतज्ज्ञांनी बालकांच्या श्वासनलिकेत दिवसच्या दिवस नळी ठेवून त्यांना जगविता येते असे दाखविले आणि असंख्य जीव वाचले. परंतु तीच नळी त्या कड्यात दाटून बसली की आतील त्वचेचा रक्तपुरवठा तुटतो, व्रण पडतो, व्रण भरताना वण धरतो आणि वण आकसतो. फुफ्फुसे बरी होऊन नळी काढावी, तर मूल पुन्हा कासावीस. पुन्हा नळी, म्हणजे पुन्हा इजा! या चक्रातून सुटण्यासाठी गळ्याला छिद्र पाडण्याऐवजी त्या कड्याचाच पुढचा भाग चिरून त्याला सैल करण्याची शस्त्रक्रिया कॉटन व साइड यांनी १९८० मध्ये मांडली. जे कडे अडवते तेच कापावे, हा विचार मला फार सरळ आणि म्हणूनच फार धाडसाचा वाटतो.

नळीच्या घर्षणाने श्लेष्मग्रंथींची तोंडे बुजून तेथे फुगवटे धरतात, तेही याच घराण्यातले. मूल घरी गेल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ते त्रास देतात आणि दम्याच्या औषधांवर निष्कारण दिवस जातात. कधी इजा नळीची नसून शस्त्रक्रियेची असते: हृदयालगतची उघडी राहिलेली रक्तवाहिनी बांधताना तिच्या शेजारून वळसा घेणारी डाव्या स्वरतंतूची नस दुखावली, तर रडणे क्षीण, घोगरे होते आणि दूध पिताना ठसका लागतो.

म्हणून अशा बालकाजवळ कान देऊन बसावे. श्वास आत घेताना घरघर उमटली तर अडसर बहुधा स्वरतंतूंच्या पातळीवर किंवा वर, आत-बाहेर दोन्ही वेळा उमटली तर त्या कड्यापाशी, आणि केवळ सोडतानाच उमटली तर छातीच्या आत, असा ढोबळ दाखला मिळतो. अंतिम निवाडा मात्र दुर्बिणीचा.

कानाबरोबर डोळेही उघडे ठेवावेत, कारण अपुऱ्या दिवसांच्या मुलांत रक्तवाहिन्यांच्या लाल गाठी अधिक प्रमाणात आढळतात. हनुवटी व जबड्याभोवती दाढीच्या जागी तसे लाल डाग दिसले तर आत श्वासमार्गातही तशी गाठ असण्याची शक्यता बरीच वाढते. ती जन्मवेळी जाणवत नाही, काही आठवड्यांत फोफावते आणि स्टिरॉइडने तात्पुरती ओसरत असल्याने घशाची साधी सूज म्हणून खपून जाते. २००८ मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथील वैद्यांनी हृदयाच्या तक्रारीसाठी प्रोप्रॅनोलॉल दिले असता एका बालकाची अशी त्वचेवरील गाठ अनपेक्षितपणे विरू लागल्याचे पाहिले. तेव्हापासून घशातील गाठींवरही तेच जुने, स्वस्त औषध प्रथम दिले जाते आणि पूर्वी ज्यांच्या गळ्याला छिद्र पाडण्यावाचून गत्यंतर नव्हते, त्यांतील अनेक मुले चमच्याने औषध घेऊन घरी जातात.